घर लहान झाले, तर शब्दही लहान होतो का?



काही महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळची मिस्सा झाल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सॅक्रिस्टीच्या दारात येऊन थांबले. वेदीसेवक मुले झगे टांगून पळाली, तरी ते जाईनात. शेवटी म्हणाले, "फादर, एक विचारू का? तुम्ही हसाल."

"विचारा. हसलो तरी उत्तर देईन," मी म्हटले.

"घरातले मासे समुद्रात सोडून दिले, तर पाप लागेल का?"

मी खरोखरच हसलो. पण त्यांचा चेहरा पाहून मला ते हसू आवरावे लागले. पुढे जे घडले ते त्यांच्या परवानगीने, नाव न घालता, तुम्हाला सांगत आहे. कारण प्रश्न माशांचा असला तरी तो तुमच्याआमच्या घरात वेगळ्या रूपाने येतच असतो.

वाडीतले त्यांचे वडिलोपार्जित घर भावाभावांच्या वाटणीत गेले. भांडण झाले नाही, ही देवाची कृपा. त्यांनी स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर एक लहान फ्लॅट घेतला. आई ऐंशीच्या पुढची. पावसाळ्यात ओट्यावरून घसरून पडली आणि खुब्याचे ऑपरेशन झाले. तेव्हा आईची खाट हॉलमध्ये, खिडकीजवळ ठेवायची असे ठरले. अडचण एवढीच, की हॉलमध्ये तीच एक मोकळी भिंत होती आणि जुन्या घरातल्या अशाच भिंतीला आठ वर्षे एक काचेची पेटी उभी होती. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे एकशे नव्वद लिटर खारे पाणी.

लेक शाळेत असताना तिने 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट पाहून हट्ट धरला आणि वडिलांनी तो पुरवला. आता लेक इंजिनिअरिंगसाठी पुण्याला आहे. मासे मात्र इथेच आहेत. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची एक जोडी, काळ्या रंगाचे तीन डॅमसेल, एक निळा टँग, दोन कोळंब्या आणि काही शंखातले खेकडे. पत्नीचे म्हणणे स्पष्ट होते, "नवीन घरात माणसांनाच जागा नाही, तिथे मासे कशाला?" हेही काही चुकीचे नव्हते.

पापलेट खाणाऱ्याने माशाची काळजी का करावी?

तुमच्यापैकी काहींच्या मनात आलेच असेल, की फादर, आपण बुधवारी बोंबील आणि शुक्रवारी पापलेट खाणारी माणसे. आपल्या कितीतरी कुटुंबांची पोटे मासळीवर चालली. मग काचेतल्या चार माशांसाठी एवढा विचार कशाला?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. त्याचे उत्तर असे, की खाणे आणि पाळणे ही दोन वेगळी नाती आहेत. समुद्रातला बांगडा माझा कोणी लागत नाही. त्याचे अन्न, त्याचे पाणी, त्याची पळण्याची वाट हे सर्व त्याला परमेश्वराने दिलेले आहे. उद्या मी आजारी पडलो तर त्याचे काहीच बिघडत नाही. पण काचेतला मासा घ्या. त्याचे पाणी मी कालवतो, त्याचे मीठ मी मोजतो, त्याचा श्वास माझ्या विजेच्या बिलावर चालतो. त्याला त्याच्या सर्व आधारांपासून तोडून मी त्या सर्वांच्या जागी स्वतःला ठेवले आहे. कर्तव्य जन्माला येते ते इथे. ज्याला मी परावलंबी केले, त्याचा मी देणेकरी झालो. मासा किती हुशार आहे, यावर हे देणे अवलंबून नाही. मी त्याचे काय केले, यावर ते अवलंबून आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना या विषयावर आमचे बरेच वाद होत. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्राण्यांना विवेकबुद्धी नसल्याने माणसावर करतो त्या अर्थाने त्यांच्यावर प्रेम करता येत नाही. परंतु प्राण्यांवर दया करणारा माणूस माणसांवरही दया करायला शिकतो, हेही ते मान्य करतात. अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ कांट जवळजवळ याच निष्कर्षावर आला. त्याच शतकात, १७८९ साली, इंग्रज विचारवंत बेंथम याने प्रश्नाचे तोंडच फिरवले. प्राण्याला विचार करता येतो का हे विचारू नका, त्याला दुःख होते का ते विचारा, असा त्याचा रोख होता.

माशाला वेदना होते का? २००३ साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञांना ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारी मज्जातंतूंची टोके आढळली. आपल्याला दुखते तसेच त्याला 'दुखते' का, याबद्दल शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. पण नीतिशास्त्रात आम्हाला एक जुने उदाहरण शिकवत. शिकाऱ्याला झुडपात हालचाल दिसते. हरीण आहे की माणूस, हे त्याला ठाऊक नाही. त्याने बंदूक चालवावी का? नाही. शंका असेल तिथे हात आखडता घ्यावा. माशाच्या बाबतीत आपण याच शिकाऱ्याच्या जागी उभे आहोत.

ख्रिस्तसभेची शिकवणही येथे समतोल आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. २४१५ ते २४१८) सांगितले आहे, की प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. पण त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे, की माणसाचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी लागायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच धाग्याला पुढे नेऊन, प्रत्येक जीवाला देवापाशी स्वतःची किंमत आहे, याची आठवण करून दिली.

म्हणून मी त्या गृहस्थांना पहिली गोष्ट सांगितली, "आईची खाट आधी. त्यात शंकाच नको. पण खाट आधी याचा अर्थ मासे गटारात, असा होत नाही."

समुद्र का नको?

"गटारात नाही हो फादर, समुद्रात म्हणतोय मी. भुईगावच्या किनाऱ्यावर. मोकळे होतील बिचारे."

ऐकायला हे किती दयाळू वाटते! पण दया डोळस हवी. हे मासे प्रवाळाच्या निवळशंख, उबदार पाण्यातले. आपला किनारा गाळाचा, गढूळ, भरतीओहोटीच्या जोराचा. पावसाळ्यात खाडीचे गोडे पाणी मिसळले की खारेपणाही उतरतो. आठ वर्षे हातातून खाल्लेल्या माशाला तिथे सोडणे म्हणजे त्याला मोकळे करणे नव्हे. आपल्या डोळ्यांदेखत मरू नये, एवढीच ती सोय. शिवाय बंद पाण्यातले रोग आपण समुद्राला देऊन बसतो.

आणि चुकून तो जगला तर? अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर १९८५ साली लायनफिश हा आपल्या हिंदी महासागर-प्रशांत महासागराकडचा मासा प्रथम नोंदला गेला. हौशी लोकांनी घरच्या टाक्यांतून सोडलेल्या माशांपासून हा प्रसार झाला असे शास्त्रज्ञ मानतात. त्याची एक मादी वर्षाला सुमारे वीस लाख अंडी घालते. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरला असून तिथल्या स्थानिक माशांची पिल्ले फस्त करतो आहे. कोणा एका माणसाला आपल्या माशाची दया आली असेल. तिची किंमत तिथले कोळी मोजत आहेत.

आपल्या बावखलांचेही तेच. खारा मासा गोड्या पाण्यात टिकणार नाही. पण नको झालेली कासवे, बाजारातले परदेशी मासे बावखलात आणून टाकणारी माणसे आपल्यातही आहेत, हे विसरू नये.

कमी करणे आणि मोडणे

मग उपाय काय? त्या गृहस्थांनी स्वतःच तो काढला. आईच्या खाटेच्या पायथ्याशी दोन फुटांची जागा उरत होती. तिथे दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी टाकी बसत होती. म्हणजे अठ्ठ्याऐंशी लिटर. निम्म्याहूनही कमी.

मला वाटले होते, लहान टाकी म्हणजे लहान काम. त्यांनी मला समजावले, की उलट आहे. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्याहून पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. पाणी जितके थोडे, तितका विष पातळ व्हायला वाव कमी. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागे राहते, त्यामुळे रोज गोडे पाणी भरून खारेपणा लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅमच्या आसपास राखावा लागतो. मोठ्या टाकीत एखादी चूक पचून जाते. लहान टाकीत तीच चूक सायंकाळपर्यंत मासा मारते. मनात आले, गरिबाच्या संसाराचेही असेच. श्रीमंताची चूक पाण्यात विरघळते, गरिबाची चूक लगेच भिनते.

तेव्हा लहान टाकीत आधीइतकेच मासे कोंबणे, ही दया नव्हती. कोण राहणार आणि कोण जाणार, हे ठरवावे लागले. क्लाउनफिशची जोडी राहणार. जोडीतला मोठा मासा मादी, लहान तो नर. मादी मेली तर नरच पुढे मादी होतो, अशी परमेश्वराची अद्भुत योजना. टाकीत नीट सांभाळले तर हे मासे वीस वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. कोळंब्या आणि खेकडे राहणार. डॅमसेल भांडखोर, लहान जागेत ते इतरांना जगू देणार नाहीत. ते दुकानदाराने परत घेतले.

खरा प्रश्न होता टँगचा. आणला तेव्हा बोटभर होता, आता तळहाताएवढा. दिवसभर पोहत राहणारा, वीतभर वाढणारा हा मासा. "खरे सांगायचे फादर, तो तीन फुटांतही सुखी नव्हता. फेऱ्या मारायचा, काचेवरून वळायचा. दुकानात म्हणाले लहान राहील, मी विश्वास ठेवला. ठेवायला सोयीचे होते." हे वाक्य मला पापनिवेदनाइतकेच प्रामाणिक वाटले. कित्येकदा आपल्याला फसवले जाते ते फसायला सोयीचे असते म्हणून. पंधरा दिवस फोन करून त्यांनी सहा फुटी टाकी असलेले एक कुटुंब शोधले. विकला असता तर चार पैसे मिळाले असते. त्यांनी तसाच दिला, पण आधी जाऊन टाकी पाहून आले.

येथे मला एक भेद स्पष्ट दिसला. शब्दाचे प्रमाण कमी करणे वेगळे आणि शब्द मोडणे वेगळे. परिस्थिती बदलली की प्रमाण बदलावे लागते, त्यात अपराध नाही. मात्र त्यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात. कारण खरे आहे, की नुसता कंटाळा आला आहे? कपातीचा सगळा भार सर्वांत दुबळ्याच्या माथी तर पडत नाही ना? आणि ज्याला आपण सामावू शकत नाही, त्याला बऱ्या जागी पोहोचवले, की फक्त नजरेआड केले? या तिन्हींचे उत्तर सरळ येत असेल, तर मन शांत ठेवून पुढे जावे.

माझी घाई

टाकी हलवायच्या दिवशी युवक संघाची चार मुले आणि पॅरिशची गाडी घेऊन मीही गेलो. माशांना आदल्या दिवशी खायला दिले नव्हते. पाणी प्रवासात घाण होऊ नये म्हणून. जुने पाणी पिंपांत भरले. सच्छिद्र दगड ओलेच ठेवले, कारण उपयोगी जीवाणू पाण्यापेक्षा दगडांवर जास्त वस्ती करतात आणि दगड सुकले की ते मरतात. जुनी वाळू टाकून दिली. ती ढवळली की तळाशी साचलेली घाण वर येते. आठ वर्षे वर स्वच्छ दिसणाऱ्या टाकीखाली एवढा काळा गाळ पाहून मुले गप्प झाली. मीही झालो. टँग त्याच्या नव्या घरी आठवडाभर आधीच गेला होता. त्याच्या शेपटीच्या मुळाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो, जाळ्यात अडकला तर जखमी होतो, म्हणून त्याला डब्यातच धरावे लागले होते.

सर्व नीट चालले होते. पण मला सायंकाळच्या मिस्साला पोहोचायचे होते. कोळंब्यांच्या डब्यात नवीन टाकीचे पाणी थेंबथेंब सोडायचे, तासभर तरी, असे त्यांनी सांगितले होते. मी मग उचलला आणि भराभर ओतले. खारेपणातला अचानक फरक कोळंबीला सोसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "फादर, एक गेली." त्यांनी दोष दिला नाही, पण चूक माझी होती. जबाबदारीवर दोन पाने बोलू शकणारा माणूस दहा मिनिटे थांबू शकला नाही. शुद्ध हेतू असला की हात आपोआप हळू होतो, असे मी समजत होतो. तसे नसते.

ज्याला विचारता येते

पुढच्या शनिवारी घराला आशीर्वाद द्यायला गेलो. पवित्र पाणी शिंपडताना मी सहज त्यांना सांगितले, की बायबलमधला पहिला आशीर्वाद माणसाला मिळालेला नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाचव्या दिवशी देवाने जलचरांना आणि पक्ष्यांना आशीर्वाद दिला. आपली पाळी सहाव्या दिवशी आली. नोहाच्या गोष्टीत माशांना तारवात जागा लागली नाही, पूर त्यांचेच घर होते. पण माणसाने त्यांना समुद्राबाहेर काढले, तेव्हापासून त्यांनाही तारू लागते.

सगळे हसले. खाटेवरच्या आजीही हसल्या. मग म्हणाल्या, "माशांचं बरं झालं फादर. त्यांच्यासाठी पंधरा दिवस विचार केला. माझ्या खाटेचं माप घेतलं, मला नाय कोणी विचारलं."

घरात एकदम शांतता पसरली. सून पदराशी चाळा करू लागली. मुलगा टाकीकडे पाहू लागला. आणि मी? मीही त्या घराच्या प्रश्नावर महिनाभर विचार केला होता. 'आईची खाट आधी' असे ठासून सांगितले होते. पण आजींना एका शब्दाने विचारले नव्हते. माझ्याही हिशेबात त्या एक माप होत्या. सहा फूट बाय तीन.

मी खाटेजवळ बसलो. "आता विचारतो आजी. काय हवं तुम्हाला?"

त्यांना जुने घर परत नको होते. मुलाचा त्रास त्यांना कळत होता. अंगणातला क्रूस तेवढा हवा होता. लग्न होऊन आल्यापासून त्या रोज संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावत आल्या होत्या. "आता धाकटा लावतो का नाय, कोणास ठाऊक." एवढेच. मुलाने त्याच संध्याकाळी धाकट्या भावाला फोन लावला. आता मेणबत्ती तो लावतो आणि पंधरा दिवसांतून एकदा रविवारी आजींना खुर्चीवर बसवून रिक्षाने तिथे नेतात. दुसऱ्या मजल्यावरून उतरवायला युवक संघातली मुले येतात. कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मी म्हणेन, टाकी उचलायला आलीच होती ना ती मुले!

बंधुभगिनींनो, माशाला आपण विचारू शकत नाही. म्हणून त्याच्यासाठी पाणी मोजावे लागते, मीठ तोलावे लागते, त्याच्या वतीने आपणच विचार करावा लागतो. माणसाला मात्र विचारता येते. आणि तरीही आपण आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांचे, आजारी भावाचे, दुसऱ्या शाळेत घालायच्या मुलाचे फक्त माप घेतो. प्रेमाने घेतो, काळजीने घेतो, पण माप घेतो. मुक्या जीवाची काळजी घ्यायला शिकलेल्या माणसाने बोलणाऱ्याला मुके करू नये.

वसईतली आपली घरे लहान होत आहेत. वाड्या जातात, इमारती येतात, मुले परदेशी जातात. प्रत्येक घर बदलताना काहीतरी मागे ठेवावेच लागते. या आठवड्यात घरी रोझरी झाल्यावर पाच मिनिटे बसा आणि एकमेकांना एवढेच विचारा, की आपल्या सोयीसाठी आपण कोणाची जागा बदलली, आणि त्याला विचारले होते का?

ता. क. : परवा मी पुन्हा त्या घरी गेलो होतो. क्लाउनफिशची जोडी ठीक आहे. उरलेली कोळंबी दगडाखालून बाहेर येऊ लागली आहे. माशांना सकाळी चिमूटभर खाणे आता आजी घालतात, त्यांच्या खाटेवरून हात पोहोचतो म्हणून. हे काम त्यांनी स्वतः मागून घेतले आहे.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हां सर्वांवर असो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू